नद्या वर, शेतं खाली

इंग्लंडच्या नकाशात पूर्व किनाऱ्यावर एक चौकोनी खाच दिसते. ते वॉशचं आखात. विदम, वेलँड, नीन आणि ग्रेट ऊज या चार नद्या तिथे समुद्राला मिळतात. त्यांच्या मागे लिंकनशर, केंब्रिजशर आणि नॉर्फक या परगण्यांत मिळून सुमारे चार हजार चौरस किलोमीटरचा सपाट मुलूख पसरलाय. त्याला फेन्स म्हणतात. चारशे वर्षांपूर्वी इथे लव्हाळी, वाम मासे, पाणपक्षी आणि हिवताप यांचं राज्य होतं. आता गहू, बटाटा, कांदा, सेलरी आणि साखरेचं बीट पिकतं. इंग्लंडमधल्या पहिल्या प्रतीच्या शेतजमिनीपैकी जवळपास निम्मी एवढ्याशा भागात आहे.

मी राहते पीटरबरोला, म्हणजे या मुलखाच्या अगदी कडेला. इथे आलेल्या पाहुण्यांना कोणी फेन्स दाखवायला नेत नाही. डोंगर नाही, धबधबा नाही, फोटोत अर्ध्याहून जास्त आभाळच येतं. पण ऑक्टोबरच्या शेवटी आई आणि आबा पेणहून आले होते. आबांची उभी हयात खाडीकाठच्या खारेपाटातल्या भातशेतीत गेली. खाडीचं पाणी काठ्याबाहेर, म्हणजे मातीच्या बांधाबाहेर ठेवायचं आणि पावसाचं पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून सोडून द्यायचं, हे त्यांचं रोजचं काम होतं. लंडनमध्ये राजवाडा पाहून ते दोन तासांत कंटाळले होते. म्हटलं, चला, तुमच्या कामाचं काहीतरी दाखवते. आईने थंडीचं कारण सांगून नातवाजवळ राहणं पसंत केलं आणि आम्हाला दशम्या बांधून दिल्या.

शनिवार: होम फेन

पीटरबरोहून दक्षिणेला अर्ध्या तासावर होम नावाचं गाव आहे. गावाबाहेर बर्च झाडांचं जंगल, आणि जंगलात कडेला गाडी उभी करून चार पावलं गेलं की एक लोखंडी खांब. आजूबाजूला गर्दी नाही, तिकीट नाही. एक माहितीचा फलक आणि खांब पडू नये म्हणून लावलेले पोलादी ताण, एवढंच.

इथे पूर्वी व्हिट्लसी मीअर नावाचा तलाव होता. दक्षिण इंग्लंडच्या सखल भागातला सगळ्यात मोठा, उन्हाळ्यात साधारण दीड हजार एकर आणि हिवाळ्यात त्याच्या दुपटीच्या आसपास. लोक त्यात होड्यांच्या शर्यती लावत, गोठला की त्यावर स्केटिंग करत. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ॲपोल्ड नावाच्या माणसाचा नवा अपकेंद्री पंप गाजला. तसाच पंप आणून त्याच सुमाराला हा तलाव उपसून काढला. तळाशी चांदीचं एक धुपाटणं सापडलं, रॅमझीच्या मठातलं, कधीकाळी होडी उलटून बुडालेलं असावं. आता ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

पाणी गेल्यावर जमीन खचणार हे तिथल्या जमीनदाराला ठाऊक होतं. किती खचते ते मोजण्यासाठी त्याने हा खांब खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत पुरला आणि त्याचा माथा जमिनीच्या बरोबरीला ठेवला. खांब त्याच महाप्रदर्शनासाठी बांधलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या इमारतीतला आहे असं म्हणतात. आज त्याचा माथा जमिनीपासून चार मीटर वर आहे. आबांनी खांबाला पाठ लावून हात सरळ वर केला, तर बोटं जेमतेम अर्ध्याच्या वर पोचली.

"खांब वर आला का?" त्यांनी विचारलं. चेष्टेत नाही, खरंच. आमच्याकडे जमिनीत पुरलेली वस्तू पावसात वर येते.

खांब जागचा हललेला नाही. जमीनच खाली गेली. इथली माती म्हणजे पीट, हजारो वर्षांच्या न कुजलेल्या लव्हाळ्यांचा आणि शेवाळाचा थर. तो पाण्यात बुडालेला असतो म्हणूनच टिकतो. पाणी काढलं की आधी तो सुकून आक्रसतो. मग त्यात हवा शिरते आणि इतकी वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं, म्हणजे मातीचा कार्बन वायू होऊन उडून जातो. वर नांगरट केली तर वसंतातल्या कोरड्या वाऱ्यात काळी धूळ उठते आणि कधीकधी पेरलेलं बीसुद्धा सोबत घेऊन जाते. पहिल्या बारा वर्षांतच इथली जमीन जवळपास पाच फूट खचली होती. पुढे वेग कमी झाला, पण थांबला नाही. आता ही जागा समुद्रसपाटीच्या 2.75 मीटर खाली आहे, ग्रेट ब्रिटनमधली सगळ्यात खोल जमीन.

यात एक दुष्टचक्र आहे, आणि पुढचे सगळे दिवस तेच निरनिराळ्या रूपांत समोर येत राहिलं. पाणी काढलं की जमीन खचते. जमीन खचली की पाणी पुन्हा साचतं. मग आणखी खोलातून उपसावं लागतं, आणि ती आणखी खचते. आबा बराच वेळ बूट मातीत दाबून बघत होते. माती दबायची आणि पाय उचलला की हळूहळू परत वर यायची. "ही जमीन नाही, ही गादी आहे," ते म्हणाले.

जंगलाच्या पलीकडून लंडन-एडिंबरा गाड्या धडधडत जातात. 1850 मध्ये हा मार्ग टाकताना या चिखलावर रूळ टिकेनात, म्हणून काटक्यांच्या मोळ्या बांधून त्यांचे तरापे अंथरले आणि त्यांवर भराव घातला. आता इथली आणि शेजारच्या वुडवॉल्टन फेनची राखीव जंगलं जोडून मधली शेतं पुन्हा ओली करायचं काम सुरू आहे. फलकावर ते वाचून दाखवलं तर आबा गप्प राहिले. शेतात मुद्दाम पाणी सोडण्याची कल्पना त्यांना पटण्यासारखी नव्हतीच.

रविवार: ईली आणि विकन

घड्याळं रात्री एक तास मागे गेली होती, म्हणजे दुपारी साडेचारलाच काळोख. सकाळी लवकर निघालो.

ईलीचं कॅथीड्रल दहा-पंधरा मैलांवरून दिसायला लागतं. ते मोठं आहेच, पण इतक्या लांबून दिसतं त्याचं श्रेय गावाला आहे. ईली चिकणमातीच्या एका टेकाडावर वसलंय, साधारण 26 मीटर उंचीच्या. आपल्याकडे एवढ्या चढाला कोणी नाव पण देणार नाही, पण इथे ते बेट होतं. भोवती दलदल आणि आत जायला मोजक्या वाटा. नॉर्मन राजा विल्यमविरुद्ध हेरवर्ड नावाच्या बंडखोराने 1070-71 मध्ये इथेच ठाण मांडलं होतं. पुढे 1083 पासून नॉर्मनांनीच हे कॅथीड्रल बांधायला घेतलं. दगड बारनॅकच्या खाणीतून होड्यांनी आणला आणि त्याचं मोल वाम माशांत चुकवलं, वर्षाला हजारोंनी. 1322 मध्ये मधला मनोरा कोसळला, तेव्हा त्या भगदाडावर ओकच्या प्रचंड खांबांचा अष्टकोनी ‘कंदील’, म्हणजे खिडक्यांतून उजेड आत सोडणारा मनोरा उभारला. त्याच्या खाली उभं राहून मान वर केली की मान दुखेपर्यंत खाली आणवत नाही. याउपर कॅथीड्रलबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. आबांनी तिथे सगळ्यात जास्त वेळ बाहेरच्या बाकावर बसून दशमी खाण्यात घालवला.

पुढे स्ट्रेटमला वाफेच्या इंजिनाचं जुनं घर आहे. ते बंद होतं, पण विटांची उंच चिमणी आणि शेजारचा कालवा बाहेरून बघायला मिळाला. फेन्समधलं पाणी आधी शेकडो पवनचक्क्या उपसत. वारा पडला की काम बंद. म्हणून 1831 मध्ये इथे वाफेवर चालणारं पाणी-चाक बसवलं. चाकाच्या कडेला फळ्या असतात, त्या खालच्या चराचं पाणी ढकलत वरच्या नदीत लोटतात. मूळ चाकाचा व्यास 29 फूट होता. 1850 मध्ये तो 33 करावा लागला आणि 1896 मध्ये 37. कारण तेच, शेतं खाली जात होती आणि चाकाच्या फळ्या पाण्यापर्यंत पोचेनात. होमच्या खांबापेक्षा मला हा पुरावा जास्त बोलका वाटतो. खांबाकडे नुसतं बघायचं असतं. चाक बदलायला दर खेपेला कोणाला तरी खिशात हात घालावा लागला होता.

दुपारी विकन फेन. 1899 मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने इथला दोन एकरांचा तुकडा घेतला, आणि आता तो शेकडो हेक्टरांचा झालाय. मूळ फेन कसा दिसायचा ते इथे बघायला मिळतं, डोक्याहून उंच बोरू, मधून मधून काळं पाणी, लाकडी पायवाट. तिथे एक लाकडी पवनचक्की आहे. आबांनी तिच्याभोवती फेरी मारली, पाणी कुठून कुठे जातं ते बघितलं आणि म्हणाले, "ही उलटी लावलीय."

खरंच उलटी आहे. ही चक्की पाणी फेनमध्ये चढवते. विकनचं पीट कधी सुकवलं नाही, त्यामुळे ते खचलंही नाही. आजूबाजूची शेतं मात्र खचत गेली, आणि आता जुना दलदलीचा तुकडाच भोवतालच्या कोरड्या शेतांपेक्षा उंच राहिलाय. त्याचं पाणी सतत खाली पाझरतं. दलदल दलदलच राहावी म्हणून तिला पाणी पाजावं लागतं.

सोमवार: एरिथ ते डेन्व्हर

हा सगळ्यात लांबचा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला दिवस.

सकाळी एरिथच्या पुलावर थांबलो. इथे ग्रेट ऊज नदीची वाट माणसाने बदललीय. मूळ नदी वळणं घेत ईलीवरून जाते. 1630 मध्ये बेडफर्डचा चौथा अर्ल फ्रान्सिस आणि त्याचे तेरा भागीदार यांनी दलदल कोरडी करण्याचा करार केला. मोबदल्यात त्यांना 95,000 एकर जमीन मिळायची होती. त्यांनी नेमलेला अभियंता डच होता, कॉर्नेलियस व्हर्मायडन. त्याने एरिथपासून डेन्व्हरजवळपर्यंत 21 मैल सरळ कालवा खणला, नदीचं पाणी आडवळण टाळून थेट समुद्राकडे न्यायला. 1637 चा तो जुना बेडफर्ड. तो पुरेना, म्हणून 1651 मध्ये त्याला समांतर दुसरा काढला. त्याला शंभर फुटी नदी म्हणतात. तो खणायला डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदी आणि नंतर डच युद्धकैदी राबवले. दलदलीवर जगणाऱ्या कोळ्यांना आणि पारध्यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी रात्री बांध फोडले, चर बुजवले. या लोकांना पुढे फेनचे वाघ म्हणू लागले.

व्हर्मायडनची खरी करामत दोन कालव्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. अर्धा-पाऊण मैल रुंद आणि वीसेक मैल लांब जागा त्याने मोकळी सोडली. हिवाळ्यात पूर आला की पाणी त्या पट्ट्यात सोडायचं आणि समुद्राची भरती ओसरेपर्यंत तिथे थोपवून धरायचं. उन्हाळ्यात तिथे गुरं चरतात. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली, पट्टा अजून तसाच वापरात आहे.

त्याची चूक म्हणा किंवा त्या काळचं अज्ञान म्हणा, ती होती पीट खचण्याची. सरळ कालव्यांनी पाणी पटापट वाहून जायला लागलं आणि अवघ्या एका पिढीत शेतं कालव्याच्या पाण्यापेक्षा खाली गेली. नद्यांचे तळ मात्र गाळाचे, ते खचले नाहीत. वेल्नीच्या आधी आम्ही एका बांधावर चढलो. डाव्या हाताला शंभर फुटी नदी, काठोकाठ, भरतीचं पाणी उलटं चढत होतं. उजव्या हाताला काळं शेत, आणि शेतातल्या घराचं छप्पर आमच्या पावलांच्या पातळीला. नदी वर, घर खाली. मी हे अनेकदा वाचलं होतं. पण आबांनी बांधावर ताठ उभं राहून आधी डावीकडे, मग उजवीकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "खांड पडली तर हे लोक कुठे जातात?"

1947 च्या मार्चमध्ये अशा खांडी, म्हणजे बांधांना भगदाडं, पडल्या होत्या. लांबलेल्या हिवाळ्याचं बर्फ एकदम वितळलं, वर पाऊस आणि वादळी वारा. हजारो एकर पाण्याखाली गेले आणि सैन्य बोलवावं लागलं. आबांनी मान डोलावली. खांड पडली की तासाभरात बुजवली नाही तर ती रुंदावतच जाते, एवढं त्यांना सांगावं लागत नाही.

बांधावरून त्या काळ्या शेतात एक फिकट पट्टा नागमोडी गेलेला दिसत होता. मला आधी वाटलं सावली आहे. तो जुन्या, मेलेल्या नदीचा तळ. हजारो वर्षांपूर्वी भरतीच्या खाड्यांनी आणलेला गाळ त्यात साचला होता. भोवतालचं पीट खचलं, गाळ खचला नाही. त्यामुळे एके काळचा खोलगट नदीमार्ग आता शेताच्या वर मीटरभर उठून दिसतो. इथल्या शहाण्या लोकांनी घरं अशा पट्ट्यांवरच बांधली. ज्यांनी पीटवर बांधली त्यांची घरं कलली आहेत. वाटेत एका घराच्या खिडक्या एकीकडे आणि दाराची चौकट दुसरीकडे झुकलेली दिसली. आत माणसं राहतात, पडदे नीट लावलेले होते. रस्तेही तसेच. नकाशात फूटपट्टीने आखल्यासारखे, पण गाडी होडीगत वरखाली होते आणि दोन्ही बाजूंना खोल चर. मध्येच कारण नसताना काटकोनात वळण. इथे गाडी चालवताना बोलू नये.

शेतांच्या कडेला काळ्या ओंडक्यांचे ढीग होते. पीटमध्ये हजारो वर्षं गाडले गेलेले ओक वृक्ष नांगराच्या फाळाला लागतात. दरवर्षी जमीन थोडी झिजते आणि दरवर्षी नवे वर येतात. मी एकाला हात लावला. कोळशासारखा काळा, पण सालीच्या रेषा अजून शाबूत.

वेल्नीजवळ जुन्या बेडफर्ड कालव्यावर 1838 मध्ये सॅम्युएल रोबॉथम नावाचा गृहस्थ पाण्यात उभा राहून दुर्बिणीतून बघत बसला होता. सहा मैलांवर गेलेली होडी त्याला दिसत राहिली, आणि त्यावरून त्याने पृथ्वी सपाट असल्याचं जाहीर केलं. पुढे 1870 मध्ये जॉन हॅम्पडन नावाच्या त्याच्या अनुयायाने 500 पौंडांची पैज लावली. ती स्वीकारली आल्फ्रेड रसेल वॉलेसने. डार्विनच्या जोडीने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणारा हाच वॉलेस. तो तरुणपणी जमीनमोजणी करायचा, त्यामुळे चूक कुठे आहे ते त्याला लगेच कळलं. पाण्यालगतची हवा प्रकाश वाकवते. त्याने नजर पाण्यापासून उंच घेतली आणि मधोमध खूण उभी केली. मधली खूण वर उठलेली दिसली, म्हणजे पाण्याला बाक आहे. वॉलेस जिंकला आणि पस्तावला. हॅम्पडनने पुढची अनेक वर्षं त्याला शिवीगाळीची पत्रं लिहून हैराण केलं, त्यापायी तुरुंगातही गेला. अशी माणसं तेव्हाही होती.

वेल्नीचा रस्ता तो मधला पट्टा ओलांडतो, आणि पट्ट्यात पाणी सोडलं की रस्ता दिवसचे दिवस बुडतो. कडेला पाण्याची खोली दाखवणारी पट्टी लावलीय. आम्ही गेलो तेव्हा रस्ता कोरडा होता. आइसलँडहून हूपर हंस यायला सुरुवात झाली होती. रात्री ते पट्ट्यातल्या पाण्यात असतात आणि दिवसा शेतात. मला ते पाण्यावर तरंगताना बघायचे होते, पण सापडले बीट काढलेल्या शेतात, चिखलाने भरलेले, उरलीसुरली बिटं आणि पाला ओरबाडताना. शेजारच्या रस्त्यावरून बीट भरलेले ट्रक एकामागून एक कारखान्याकडे चालले होते. आबांना हंस मोठे वाटले, पण जास्त कौतुक वाटलं ते बिटापासून साखर होते याचं.

संध्याकाळ व्हायच्या आत डेन्व्हर गाठलं. सगळ्या दक्षिण फेन्सची किल्ली इथे आहे. ईलीवरून येणारी जुनी नदी आणि शंभर फुटी नदी इथे एकत्र येतात, आणि जुन्या नदीच्या तोंडाशी दरवाजे आहेत. भरतीला बंद, ओहोटीला उघडे. पहिले दरवाजे व्हर्मायडनच्या काळात 1651 मध्ये बसले, 1713 मध्ये पाण्याने ते फोडले, 1750 मध्ये पुन्हा बांधले. आत्ताचं बांधकाम मुळात 1834 चं, सर जॉन रेनीचं. आबा कठड्यावर ओणवून बराच वेळ बघत राहिले. मग समाधानाने म्हणाले, "उघाडीच की!"

तिथे जाळीत अडकलेलं गवत काढणारा एक माणूस भेटला. आबांना काय काय विचारायचं होतं आणि मी मध्ये दुभाषी. दरवाजे कोण उघडतं? सरकारी खातं. शेतातले छोटे पंप कोणाचे? गावोगावच्या निचरा मंडळांचे. पैसे कोण देतं? ज्याची जमीन त्या मंडळाच्या हद्दीत, तो पट्टी भरतो, आणि घरवाल्यांच्या वतीने नगरपालिका. शेतकरी मंडळावर निवडून जातात. आबांना हे एकदम ओळखीचं वाटलं. काठा गावकीचा होता तेव्हा आमच्याकडे घरटी माणूस मातीकामाला जायचा. "पंप बंद पडला तर?" त्यांनी शेवटी विचारलं. माणूस हसून म्हणाला, काही आठवडे बरे जातील.

एक गोष्ट त्याने आपणहून सांगितली. इथलं जादा पाणी सगळंच समुद्रात जात नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यातलं काही बोगद्याने आणि नद्यांमधून दक्षिणेला एसेक्समध्ये नेलं जातं, पिण्यासाठी. इंग्लंडचा हा कोपरा देशातल्या सगळ्यात कमी पावसाच्या भागांत मोडतो. जिथून चारशे वर्षं पाणी हाकलायचा खटाटोप चालला, तिथेच उन्हाळ्यात सिंचनासाठी पाण्याची ओढाताण होते.

मंगळवार: विझबीच, सटन ब्रिज

दिवसभर पाऊस. पण या दिवशी जमिनीचा रंग बदलला, ते महत्त्वाचं.

समुद्राकडे सरकत गेलं की काळं पीट संपतं आणि तांबूस-करडा गाळ सुरू होतो. भरतीने आणून टाकलेला हा गाळ खचत नाही. म्हणून समुद्राजवळची जमीन उंच आणि आतली खोल, असा उलटा प्रकार आहे. पाण्याला उतार समुद्राकडे हवा, आणि इथे तो समुद्रापासून आत आहे. आतल्या पीटचं पाणी या उंचवट्याच्या पलीकडे फेकायचं म्हणजे पंपाशिवाय गत्यंतर नाही. सेंट जर्मन्स गावातलं पंपघर सेकंदाला 100 घनमीटर पाणी उचलून ऊजच्या भरतीच्या पात्रात टाकू शकतं. बाहेरून एखाद्या कचेरीसारखं दिसतं. पावसात आम्ही गाडीतूनच बघितलं.

गाळाच्या पट्ट्यातली गावं जुनी आणि श्रीमंत, कारण मध्ययुगापासून इथे मेंढ्या चरल्या आणि मीठ पिकलं. वॉलपोल सेंट पीटर, टेरिंग्टन सेंट क्लेमंट अशा खेड्यांत शहराला शोभतील एवढी चर्चेस आहेत. विझबीचला नीन नदीच्या काठावर जॉर्जियन घरांची देखणी रांग आहे, त्यातलं पेकोव्हर हाउस 1722 चं. गुलामगिरीविरुद्ध लढलेला थॉमस क्लार्कसन आणि नॅशनल ट्रस्टच्या संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल, दोघं या गावचे. गावाची आजची कळा मात्र उतरलेली वाटली. बंद दुकानं बरीच, आणि उघडी दुकानं लिथुआनियन किराणा मालाची.

सटन ब्रिजला 1897 चा फिरता पूल आहे, जहाज आलं की तो आडवा वळतो. आम्ही होतो तेव्हा जहाज आलं नाही. 12 ऑक्टोबर 1216 रोजी जॉन राजाचं सामानसुमान आणि खजिना इथल्याच खाडीत भरतीने गिळला, अशी हकिगत आहे. लोक अजून शोधतात. शोधायला आता खाडी नाही, बटाट्याची शेतं आहेत. आठशे वर्षांत किनारा मैलोन् मैल पुढे गेला. नदीच्या मुखाशी 1831 चे दोन दीपस्तंभ आहेत. पूर्वेकडच्या स्तंभात 1933 पासून पीटर स्कॉट राहिला. आधी तो बदकं मारायचा, मग चितारायला लागला, आणि 1946 मध्ये त्याने पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. वेल्नीचं हंसांचं राखीव क्षेत्र त्याच संस्थेचं.

बुधवार: बॉस्टन आणि फ्रीस्टन

स्पॉल्डिंगमधून नुसते गेलो. फुलांचे कंद इथे पिकतात, पण ऑक्टोबरात ट्युलिप कुठून दिसणार? दिसली ती भाजी धुऊन पाकिटात भरणारी भलीमोठी गोदामं आणि पहाटपाळी संपवून बसची वाट बघणारी माणसं. देशाच्या सुपरमार्केटांतली भाजी इथून जाते, आणि ती काढणारे हात पोलंड, लिथुआनिया, रुमानियातून आलेले. बॉस्टनमध्ये 2016 च्या सार्वमतात 75.6 टक्के मतं युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने पडली, देशातलं सगळ्यात मोठं प्रमाण. शेतं ज्यांच्यावर चालतात त्यांच्याबद्दलची ही नाराजी समजून घेणं एका फेरीत जमणारं नाही. पण बाजारात माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही, हेही नोंदवते.

बॉस्टनच्या चर्चचा मनोरा 266 फुटी. त्याच्या पायथ्याशी भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. 1953 च्या 31 जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राने बांध फोडले, तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यावर 307 माणसं गेली. ती खूण आहे, 1978 ची आहे, आणि सगळ्यांत वर 5 डिसेंबर 2013 ची. त्या रात्री पाणी चर्चमध्ये शिरलं होतं. त्यानंतर नदीवर भरतीचा लोंढा अडवणारं फाटक उभारलं गेलं. आबांनी बोटाने 2013 च्या खुणेपासून फरशीपर्यंत वितांनी मोजलं आणि आकडा मनात ठेवला.

दुपारी फ्रीस्टनच्या किनाऱ्यावर. समुद्र म्हणावा तर लांबवर एक रेष, आणि इथपर्यंत नुसतं खाजण. मावळतीकडे शेतं, मध्ये बांध. इथला बराच किनारा कैद्यांनी समुद्राकडून घेतलेला आहे. 1935 पासून शेजारच्या सुधारगृहातल्या मुलांकडून बांध घालून घेतले. त्यातलाच सगळ्यात पुढचा बांध 1980 च्या सुमाराला पूर्ण झाला आणि वीस वर्षांत लाटांनी पोखरला. मग 2002 मध्ये तो तीन ठिकाणी मुद्दाम फोडला आणि 66 हेक्टर जमीन भरतीला देऊन टाकली.

मी हे सांगितलं तेव्हा आबा चालायचे थांबले. "मुद्दाम?"

मुद्दाम. खाजणातली झुडपं लाटांचा जोर मोडतात, त्यामुळे आतला बांध टिकतो. आबा फोडलेल्या जागेजवळ गेले. पाणी त्यातून ओढ्यासारखं आत-बाहेर करून कडा गोल झाल्या होत्या. पलीकडे पाणपक्षी भक्ष्य टिपत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आतल्या बांधावर चढून त्याची रुंदी पावलांनी मोजली, उतार बघितला, टाच मारून माती तपासली.

"आधी हा केला?" त्यांनी विचारलं.

"हो. आधी आतला उंच केला, मग बाहेरचा फोडला."

"मग ठीक आहे. आमच्याकडे खांड आपोआप पडते, बुजवायला माणूस मिळत नाही, मागे दुसरा काठा नसतो. दोन पावसाळ्यांत तिवरं उगवतात आणि सातबारा नुसता कागदावर राहतो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ज्याची जमीन गेली त्याला किती दिले?"

इथली जमीन शेजारच्या तुरुंगाची, म्हणजे पूर्वीच्या त्या सुधारगृहाची होती, म्हणजे सरकारचीच. हे ऐकल्यावर ते खळखळून हसले. "तरीच!" म्हणाले, आणि शेवटची दशमी काढली.